व्हीएम बंदही होईना, सुरूही होईना : शिरोली एमआयडीसीतल्या एका सर्व्हरचं प्रकरण

शिरोली एमआयडीसीतली एक मध्यम आकाराची फाउंड्री. ऑफिसच्या तळमजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत एक टॉवर सर्व्हर, त्यावर प्रॉक्समॉक्स व्हीई (एका सर्व्हरवर अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यात पाच व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभी केलेली आभासी मशीन : ईआरपी (कारखान्याचा बिलं-हिशेबाचा कारभार सांभाळणारी प्रणाली), टॅली, ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर, हजेरीची मशीन आणि स्पेक्ट्रोमीटरच्या रिपोर्टसाठी सांभाळून ठेवलेलं एक जुनं विंडोज. बॅकअपसाठी त्याच खोलीत दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायची साठवणुकीची पेटी. कोल्हापूरच्या कारखान्यांत ही मांडणी आता सर्रास दिसते. प्रॉक्समॉक्स डेबियन लिनक्सवर उभं आहे, फुकट वापरता येतं, आणि आत व्हीएम चालवणारं केव्हीएम २००७ पासून मूळ लिनक्स कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. म्हणजे पाया भक्कम. गडबड होते ती बहुतेक वेळा या पायावर आपण काय रचलं आणि मग काय विसरलो त्यात.

प्रकरण जुलैतल्या एका शनिवारचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली होती आणि पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं होतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. त्यामुळे इथले कारखानदार पातळीचा आकडा ऐकूनच हालचाल सुरू करतात. या फाउंड्रीतही तळमजल्यावरचं सामान वर न्यायचं ठरलं, तयार कास्टिंगच्या गाड्या रस्ता चालू आहे तोवर बाहेर काढायच्या ठरल्या, आणि ईआरपी दोन-चार दिवसांसाठी गोकुळ शिरगावच्या दुसऱ्या युनिटमधल्या सर्व्हरवर हलवायचं ठरलं. ते युनिट नदीच्या दक्षिणेला, उंचावर आहे. निर्णय तिन्ही बरोबर होते.

संध्याकाळी फाउंड्रीच्या कॉम्प्युटर इन्चार्जचा मला फोन आला. "सर, ईआरपी अडकलंय. शटडाउन घेत नाही, स्टॉप घेत नाही, स्नॅपशॉटपण फेल. सगळीकडं लॉक आहे म्हणतंय. अनलॉक मारू काय?"

"थांबा दादा. लॉकला हात लावू नका. आधी मला आत येऊन टास्कची यादी बघू दे."

दारात गाड्या भरून उभ्या होत्या आणि ईआरपीशिवाय इन्व्हॉइस आणि ई-वे बिल निघत नव्हतं. अशा वेळी थांबा म्हणणं समोरच्याला जड जातं हे मला कळतं. तरीही ती पाच मिनिटं द्यावीच लागतात.

यादी खालून वाचायची

प्रॉक्समॉक्सच्या पॅनेलमध्ये तळाच्या पट्टीत टास्कची यादी असते आणि ताजी टास्क सगळ्यात वर दिसते. त्यामुळे घाईत माणूस वरची लाल ओळ वाचतो आणि तिच्याशीच झुंजत बसतो. इथं वर ओळीनं लाल रंग होता : स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) फेल, स्टॉप फेल, शटडाउन फेल. तिघांचा मजकूर एकच, की ही व्हीएम 'बॅकअप'साठी लॉक आहे. पण ही तीन फेल झालेली कामं तीन बिघाड नव्हते. तिन्ही टास्कना एकाच दारावरून परत पाठवलं गेलं होतं. त्यांच्या खाली, दुपारी सुरू झालेली एक टास्क अजून संपलेलीच नव्हती. ती होती सगळ्या व्हीएमच्या बॅकअपची. पुरापूर्वी ताजा बॅकअप असावा म्हणून इन्चार्जनं तो हातानं लावला होता.

त्या टास्कचा लॉग उघडला. टॅलीचा बॅकअप पूर्ण, हजेरीचा पूर्ण, मग ईआरपीचा सुरू, ३० टक्क्यांच्या पुढे गेलेला, आणि तिथून पुढे एकही नवी ओळ नाही. चूक झाल्याचा संदेश नाही, काम संपल्याचाही नाही. लॉगमध्ये अशी शांतता दिसली तर बॅकअप बिघडला असं न समजता तो कशाची तरी वाट बघतोय असं समजून शोध घ्यावा.

दुसरी खूण अकाउंट्सच्या मॅडमकडून मिळाली. त्यांना विचारलं, नेमकं काय होतंय? म्हणाल्या, यादी उघडते, जुनं बिल दिसतं, पण सेव्ह केलं की गोल फिरत राहतं. हे एक वाक्य अर्ध्या लॉगच्या तोडीचं होतं. वाचणं चालू आणि लिहिणं बंद, असा त्याचा अर्थ.

तिसरी खूण पॅनेलमध्येच होती. सगळ्या व्हीएमच्या नावापुढे राखाडी प्रश्नचिन्ह आलं होतं, टॅली आणि हजेरी व्यवस्थित चालू असूनही. ती चिन्हं म्हणजे व्हीएम मेल्या असं नाही. मशीनची आणि स्टोरेजची हालहवाल गोळा करणारी एक सेवा मागे चालू असते. ती कुठल्यातरी स्टोरेजच्या उत्तरासाठी खोळंबली की पॅनेलला ताजी माहिती मिळत नाही आणि सगळं राखाडी होतं. सर्व्हरवर जाऊन जागा दाखवणारी 'डीएफ' ही साधी कमांड दिली, तीही लटकली. नॅसला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली, उत्तर नाही.

"दादा, नॅस कुठाय?"

थोडा वेळ फोनवर नुसता पावसाचा आवाज. मग, "सर, तो मेंटेनन्सवाल्यांनी वर नेला. पाणी येईल म्हणून खालचं सगळं वर न्यायला सांगितलं होतं."

नॅस गेला तर ईआरपी का थांबावं?

हा प्रश्न मालकांनीही विचारला आणि तो रास्त आहे. बॅकअप ठेवायची जागा गेली तर बॅकअप बुडेल, चालू मशीन का बुडावी?

प्रॉक्समॉक्स चालू व्हीएमचा बॅकअप घेतं तेव्हा डिस्कची स्थिती ज्या क्षणी बॅकअप सुरू झाला त्या क्षणाची असावी लागते. हे जमवायला क्यूएमू (केव्हीएमच्या जोडीनं व्हीएमची डिस्क सांभाळणारं सॉफ्टवेअर) एक पद्धत वापरतं. आतल्या विंडोजला अशा एखाद्या ब्लॉकवर लिहायचं झालं, जो अजून बॅकअपमध्ये गेलेला नाही, तर आधी त्या ब्लॉकमधला जुना मजकूर बॅकअपच्या फाइलीत पोचवला जातो आणि मगच नवीन लिहू दिलं जातं. रोज हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण फाइल जिथं जायची तो नॅसच गायब झाला तर जुना मजकूर पोचत नाही, म्हणून नवीन लिहिणं थांबतं. वाचायला काही अडचण नसते. यादी दिसायची आणि सेव्ह अडकायचं ते यामुळे. आणि प्रॉक्समॉक्स एका जॉबमधल्या व्हीएम एकापाठोपाठ एक घेत असल्यामुळे त्या वेळी जिची पाळी होती तीच व्हीएम अडकली. टॅली आधीच सुटली होती.

त्यात नॅस एनएफएसनं (नेटवर्कवरून फाइली वापरायच्या एका पद्धतीनं) जोडलेला, आणि एनएफएसची नेहमीची जोडणी 'हार्ड' प्रकारची असते. समोरचा गेला तर ती चूक दाखवून मोकळी होत नाही, तो परत येईपर्यंत वाट बघत राहते. डेटाच्या दृष्टीनं हेच सुरक्षित आहे, कारण अर्धवट लिहून पुढे जाणं टळतं. प्रक्रियांची यादी पाहिली तर बॅकअप दाबून लहान करणारी झेडएसटीडी 'डी' या अवस्थेत दिसली, म्हणजे डिस्क किंवा नेटवर्कवरच्या कामाच्या उत्तरासाठी कर्नेलमध्ये थांबलेली. तिच्या मागे क्यूएमू, त्याच्या मागे विंडोज, विंडोजच्या मागे ईआरपीचा डेटाबेस सांभाळणारा एसक्यूएल सर्व्हर, त्याच्या मागे मॅडमचा सेव्ह आणि सगळ्यात मागे दारातल्या गाड्या. कोण कुणासाठी थांबलंय ही साखळी मी कागदावर लिहितो. एवढं लिहिलं की कुठल्या टोकाला हात घालायचा ते आपोआप दिसतं.

आता लॉकविषयी. प्रॉक्समॉक्समध्ये लॉक दोन प्रकारचं असतं आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिलं व्हीएमच्या कॉन्फिग फाइलीतली एक ओळ : लॉक, आणि पुढे कारण, म्हणजे बॅकअप, स्नॅपशॉट, मायग्रेट वगैरे. ही ओळ म्हणजे आत माणूस काम करतोय म्हणून दारावर लावलेली पाटी. 'क्यूएम अनलॉक' ही कमांड ती पाटी काढते, आतल्या माणसाला नाही. काम करणारी प्रक्रिया जिवंत असताना पाटी काढली तर दुसरी टास्क आत शिरते आणि एकाच डिस्कवर दोघांची कामं सुरू होतात. सर्व्हरची वीज मध्येच गेली, बॅकअपची प्रक्रिया मेली आणि पाटी तशीच राहिली, तर मात्र अनलॉक हाच बरोबर उपाय. म्हणून बघायचं ते एवढंच, की लॉक लावणारी प्रक्रिया जिवंत आहे का. इथं ती जिवंत होती. दुसऱ्या प्रकारचं लॉक पुढे रात्री भेटलंच.

पर्याय दोन होते. झेडएसटीडीला जबरदस्तीनं मारायचं, म्हणजे बॅकअप तुटेल आणि विंडोज मोकळं होईल. पण तुटलेला बॅकअप आवरताना अर्धवट फाइल पुसायला प्रॉक्समॉक्स पुन्हा नॅसकडेच जाणार आणि तिथं परत लटकणार. दुसरा पर्याय, नॅस परत जोडायचा. तो वरच्या मजल्यावर सुखरूप होता, विजेला जोडलेलाही होता, फक्त नेटवर्कची वायर कॅमेऱ्यांच्या स्विचमध्ये गेली होती, आणि कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं. इन्चार्जना सांगितलं, वायर ऑफिसच्या स्विचमध्ये टाका, आयपी बदलू नका. त्याआधी पॅनेलमधून मी बॅकअपच्या टास्कला थांबायची आज्ञा देऊन ठेवली, म्हणजे नॅस दिसताच ती स्वतःच आवरतं घेईल आणि आपली पाटीही स्वतःच काढेल.

वायर बसली. पिंग आलं. टास्कच्या लॉगमध्ये बॅकअप रद्द झाल्याची ओळ आली, लॉक गेलं, राखाडी चिन्हं हिरवी झाली. आणि लगेच ईआरपीची व्हीएम रीस्टार्ट व्हायला लागली.

फोनवर गोंधळ उडाला. कुणी काही केलेलं नव्हतं. म्हणजे त्या क्षणी केलेलं नव्हतं. अडकलेली असताना मॅडमनी विंडोजच्या आतूनच रीस्टार्ट दिला होता. विंडोजला तो पुरा करायला डिस्कवर लिहावं लागतं, ते थांबलेलं होतं, म्हणून आज्ञा तशीच पडून राहिली. लिहिणं मोकळं होताच तिनं काम केलं. अडकलेल्या मशीनला दिलेली प्रत्येक आज्ञा अशी मागे साचू शकते, म्हणून मी विचारून घेतो की कुणी कुठलं बटण कितीदा दाबलं. उत्तर देणाऱ्याला ओशाळं वाटू नये अशा आवाजात विचारायचं, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही.

व्हीएम वर आल्यावर विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये डिस्क ड्रायव्हरचा १२९ क्रमांकाचा रीसेटचा इशारा होता आणि एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगमध्ये ८३३ क्रमांकाचा संदेश, की डिस्कच्या काही कामांना १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला. निदान बरोबर होतं हे त्या दोन आकड्यांनी पक्कं झालं. डेटाबेसची तपासणी करणारी 'डीबीसीसी चेकडीबी' चालवली, ती स्वच्छ निघाली. गाड्यांची बिलं सुरू झाली.

रात्री दुसऱ्यांदा

इथं प्रकरण संपलं असतं. पण ईआरपी हलवायचं बाकी होतं. बेत असा : रात्री शेवटचं बिल झालं की ईआरपी बंद करून तिचा पूर्ण बॅकअप घ्यायचा, तो एका बाहेरच्या डिस्कवर उतरवायचा आणि गाडीनं पंचगंगेचा पूल ओलांडून गोकुळ शिरगावला न्यायचा. इंटरनेटवरून एवढा डेटा त्या रात्रीत गेला नसता. गिगाबिटच्या वायरवरसुद्धा सेकंदाला साधारण ११० एमबीच्या वर सरकत नाही.

इन्चार्जनी बॅकअपच्या आधी सावधगिरी म्हणून चालू ईआरपीचा एक स्नॅपशॉट घ्यायला लावला. पॅनेलमध्ये चालू व्हीएमचा स्नॅपशॉट घेताना रॅमसकट घ्यायच्या चौकोनात आधीपासूनच टिक असते. ईआरपीला ३२ जीबी रॅम दिलेली. ती सगळी डिस्कवर उतरू लागली आणि थोड्या वेळात स्नॅपशॉट फेल झाला. ईआरपीच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि स्थिती 'आयओ-एरर'. पाठोपाठ फाइल सर्व्हरचीही तीच अवस्था. इन्चार्जनी फाइल सर्व्हरला शटडाउन दिला, तो लटकला. मग स्टॉप दिला, तर लॉकची फाइल मिळत नाही, वेळ संपली, असा संदेश.

पुन्हा लॉक! पण हे दुसऱ्या प्रकारचं. एका व्हीएमवर एका वेळी एकच आज्ञा चालावी म्हणून चालू असलेली टास्क सर्व्हरवर एक छोटी फाइल धरून ठेवते. शटडाउन आतल्या विंडोजच्या उत्तराची वाट बघत ती फाइल धरून बसला होता, म्हणून स्टॉपला ती मिळेना. याला अनलॉकचा काही उपयोग नसतो, कारण कॉन्फिगमध्ये पाटीच नसते. फाइल धरून बसलेली टास्क संपवायची किंवा संपू द्यायची, एवढाच मार्ग.

मला मात्र स्टॉपही नको होता. 'आयओ-एरर' वाचून लोक घाबरतात आणि व्हीएम जोरानं बंद करतात. वास्तविक हा क्यूएमूचा मोठा उपकार आहे. आतल्या मशीननं लिहायला घेतलं आणि खालच्या स्टोरेजनं जागा नाही असं सांगितलं, तर क्यूएमू ती चूक विंडोजपर्यंत पोचूच देत नाही. त्या क्षणी व्हीएम आहे तिथं गोठवून ठेवतं. अर्धवट राहिलेलं लिहिणं, रॅममधला डेटा, सगळं शाबूत असतं. खाली जागा केली आणि 'रिझ्यूम' दिला की तेच लिहिणं पुन्हा केलं जातं आणि विंडोजला काही घडलं हेही नीट कळत नाही. स्टॉप दिला तर ते सगळं जातं.

म्हणजे प्रश्न जागेचा. सर्व्हरवर एलव्हीएमचा (लिनक्समधल्या डिस्कची जागा वाटणाऱ्या सोयीचा) थिन पूल होता. थिन पूलमध्ये व्हीएमला ५०० जीबीची डिस्क दिली तरी प्रत्यक्ष जागा लिहील तशी खर्च होते. त्यामुळे असलेल्या जागेपेक्षा जास्त वाटप करता येतं, आणि इथं तसंच झालेलं : वाटप सव्वादोन टीबीच्या पुढे, पूल जेमतेम १.७ टीबीचा. 'एलव्हीएस' कमांडनं आकडे दाखवले. डेटा १००.०० टक्के. मेटाडेटा, म्हणजे कुठला ब्लॉक कुणाचा याच्या नोंदी, ७० च्या आत. दुसरा आकडा वाचून जीव भांड्यात पडला, कारण मेटाडेटा भरला असता तर दुरुस्तीची वाट फारच अवघड होती.

जागा गेली कुठं? ईआरपीच्या स्नॅपशॉटच्या यादीत मार्चअखेरचा एक स्नॅपशॉट होता. नव्या आर्थिक वर्षाआधी ईआरपी अपग्रेड केलं तेव्हा घेतलेला. अपग्रेड नीट झालं, आणि तो तसाच राहिला. स्नॅपशॉट असला की जुन्या ब्लॉकवर लिहायचं म्हटलं तरी तो ब्लॉक स्नॅपशॉटसाठी जपून नवीन जागा घ्यावी लागते. एसक्यूएलची डेटाबेस फाइल रोज तिथल्या तिथं बदलत असते, त्यामुळे महिन्यागणिक तिची जणू दुसरी प्रत तयार होत गेली. त्यात व्हीएमच्या डिस्कवर 'डिस्कार्ड' चालू नव्हतं. विंडोजच्या आत जुन्या बॅकअप फाइली पुसल्या जात होत्या, पण ती जागा रिकामी झाल्याची खबर थिन पूलला मिळत नव्हती. आतून ड्राइव्ह अर्धा मोकळा, बाहेरून पूल काठोकाठ. स्नॅपशॉटनं ३२ जीबी रॅम उतरवायला घेतली आणि उरलीसुरली जागा संपली. टॅली मात्र या सगळ्यात चालूच होती. तिच्यावर स्नॅपशॉट नव्हता आणि ती आधीच मिळालेल्या ब्लॉकवरच लिहीत होती, तिला नवी जागा लागलीच नाही. एक व्हीएम चालते, दुसरी गोठते, म्हणजे डिस्क खराब नसावी, असा अंदाज अशा वेळी बांधता येतो.

मला सर्वांत लागलं ते वेगळंच. मार्चमधल्या त्या स्नॅपशॉट टास्कचा लॉग अजून होता. टास्क हिरवी, यशस्वी. पण आत इशारा स्पष्ट छापलेला : सगळ्या थिन व्हॉल्यूमची बेरीज पूलच्या आकारापेक्षा जास्त आहे, आणि पूल भरण्यापासून संरक्षण चालू केलेलं नाही. हिरव्या टास्कचा लॉग कुणी उघडत नाही. पूल आपोआप वाढवायची सोय एलव्हीएममध्ये आहे, पण तिची उंबरठ्याची किंमत मुळात १०० असते, म्हणजे सोय बंद.

आता सुटका. प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर मोठ्या डिस्कवर व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (पूलला जागा देणाऱ्या साठ्यात) १६ जीबी जागा राखून ठेवतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. 'व्हीजीएस' कमांडमध्ये ती दिसली. त्यातली थोडी मेटाडेटासाठी बाजूला ठेवून बाकीची 'एलव्हीएक्स्टेंड'नं पूलला जोडली. फाइल सर्व्हरला रिझ्यूम दिला, आणि मघाचा शटडाउन अजून पोटात होता त्याप्रमाणे तो शिस्तीत बंद झाला. रात्रीची वेळ, हरकत नव्हती.

मग ईआरपी. तिच्या कॉन्फिगमध्ये स्नॅपशॉटचं लॉक होतं आणि मोडलेल्या स्नॅपशॉटचा 'तयारी' अवस्थेत राहिलेला भाग. लॉक लावणारी प्रक्रिया आता जिवंत नव्हती, हे आधी बघितलं. संध्याकाळी जे अनलॉक मी करू दिलं नव्हतं ते आता केलं. रिझ्यूम दिला, व्हीएम जागेवरून पुढे चालू लागली. मोडलेला स्नॅपशॉट 'फोर्स' लावून काढला, मग मार्चचा काढला. पूलचा आकडा १०० वरून खाली येत येत ७० च्या आसपास थांबला. विंडोजला आतून नीट बंद केलं, डिस्कार्डवर टिक केली. हा बदल आतून रीस्टार्ट करून लागू होत नाही, व्हीएम पूर्ण बंद होऊन परत सुरू व्हावी लागते. ट्रिमचं काम (पुसलेली जागा रिकामी झाल्याचं पूलला कळवणं) परत आल्यावर करायचं ठरवून बंद स्थितीतच बॅकअप लावला. या वेळी नॅसच्या खोलीत एक माणूस बसवला.

गोकुळ शिरगावला

डिस्क घेऊन गाडी निघाली तेव्हा महामार्ग चालू होता. मी शहराच्या बाजूनं थेट गोकुळ शिरगावला गेलो. रिस्टोर पहिल्या फटक्यात झाला. स्टार्ट दिला, तो फेल.

कारण, व्हीएमच्या सीडी ड्राइव्हमध्ये विंडोज बसवतानाची आयएसओ फाइल अजून अडकवलेली होती आणि या सर्व्हरवर ती नव्हती. ड्राइव्ह रिकामा केला. पुन्हा फेल : या सर्व्हरवर त्या नावाचा नेटवर्क ब्रिज (व्हीएमला नेटवर्कशी जोडणारा दुवा) नव्हता. नाव बदललं, सुरू झाली. दोन्ही संदेश सरळ आणि खरे होते. वाचले आणि सोडवले, त्यावर अधिक सांगण्यासारखं नाही. रिस्टोर करताना 'युनिक'ची टिक मात्र जाणूनबुजून लावली नव्हती, कारण ती लावली की नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता (कार्डाची ओळख) बदलतो आणि विंडोजला कार्ड नवीन वाटून ठरवून दिलेला आयपी सुटू शकतो.

एक गोष्ट त्या रात्री सगळ्यांत महत्त्वाची होती आणि ती बिघाडाची नव्हतीच. शिरोलीतल्या मूळ ईआरपीच्या पर्यायांत 'स्टार्ट ॲट बूट' चालू होतं. सर्व्हर वरच्या मजल्यावर नेऊन पाणी ओसरल्यावर कुणीही त्याची वीज लावली असती, तर जुनी ईआरपी आपोआप उठली असती, आणि शिरोलीच्या माणसांनी तिच्यात नोंदी केल्या असत्या. दोन ठिकाणी दोन खरी ईआरपी! अशा डेटाबेस पुन्हा एकत्र करणं म्हणजे अकाउंट्सच्या माणसांची आठवडाभराची हातघाई. सर्व्हर बंद करायच्या आधी ती टिक काढली आणि व्हीएमच्या नोंदीच्या खणात मराठीत लिहून ठेवलं : ही सुरू करू नका, चालू ईआरपी गोकुळ शिरगावला आहे.

पाणी ऑफिसच्या पायरीपर्यंत आलं नाही. तरी पूर ओसरेपर्यंत ईआरपी तिकडेच चालली आणि परत येतानाही याच वाटेनं आली : बंद, बॅकअप, रिस्टोर, आणि तिकडची 'स्टार्ट ॲट बूट' बंद.

त्यानंतर फाउंड्रीत काही गोष्टी बदलल्या. विंडोजमध्ये ट्रिम चालवल्यावर पूल ५० टक्क्यांच्या खाली गेला. पूलचा डेटा किंवा मेटाडेटा ८० च्या वर गेला की इन्चार्जना आणि मला मेल येतो. स्नॅपशॉटच्या नावातच तो काढायची तारीख लिहायची, हा नियम इन्चार्जनी स्वतः घातला आणि ते तो पाळतात. मेंटेनन्सच्या पूरयादीत नॅसच्या ओळीपुढे आता लिहिलंय, की पॅनेलमध्ये बॅकअप चालू नाही हे इन्चार्जना विचारूनच वायर काढावी, आणि वरच्या मजल्यावर ऑफिसच्या नेटवर्कचा एक पॉइंट त्याच्यासाठीच ओढून ठेवलाय.

राहिला एक निर्णय. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या प्रॉक्समॉक्स ८.२ पासून बॅकअपसाठी 'फ्लीसिंग'ची सोय आहे. तीत जुना ब्लॉक थेट नॅसवर न पाठवता आधी स्थानिक डिस्कवर ठेवला जातो, त्यामुळे नॅस मंदावला किंवा गेला तरी आतल्या मशीनचं लिहिणं अडत नाही. ती लगेच चालू करावी असं मालकांचं म्हणणं होतं. मी थांबवलं. ती जागा याच थिन पूलमधून जाणार, आणि पूल भरला तर बॅकअपच्या नादात पुन्हा व्हीएम गोठतील. त्यासाठी एक वेगळी एसएसडी मागवली आहे. ती बसली की फ्लीसिंग फक्त तिच्यावर सुरू करायचं, आणि मग बॅकअप चालू असताना नॅसची वायर मुद्दाम काढून बघायची, इन्चार्ज, मॅडम आणि मेंटेनन्सवाले सगळे समोर असताना.